८०ला १ भावाचा घोडा आधी दिसला असता का? केंटकी डर्बी २०२२चा हिशेब

७ मे २०२२. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात चर्चिल डाउन्सवर १४८वी केंटकी डर्बी. वीस घोडे, अंतर १० फर्लांग म्हणजे सुमारे २०१२ मीटर, मातीची कोरडी, वेगवान धावपट्टी. रिच स्ट्राइक पाऊण लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला. भाव होता ८०.८०ला १, आणि दोन डॉलरच्या विन तिकिटावर (घोडा पहिला येईल यावरच्या) १६३.६० डॉलर मिळाले. याहून मोठ्या भावाचा घोडा ही डर्बी एकदाच जिंकला आहे: १९१३चा डोनेरेल, ९१ला १.

अशा निकालानंतर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, नुसतं नशीब. दुसरे म्हणतात, फॉर्म, म्हणजे आधीच्या धावांची कामगिरी, नीट वाचला असता तर सगळं दिसतच होतं. दोघांचंही चुकतं, आणि कुठे चुकतं हे कळण्यासाठी या शर्यतीइतकं चांगलं प्रकरण क्वचित सापडेल. अट एकच: गेट उघडण्याआधी जे माहीत होतं तेवढंच विचारात घ्यायचं. निकाल झाकून ठेवायचा.

एक शब्द आधी स्पष्ट करू. आपल्याकडे हँडिकॅप म्हटलं की वजन आठवतं: क्लबचा हँडिकॅपर घोड्याला रेटिंग देतो आणि त्या रेटिंगवरून पाठीवरचं वजन ठरतं. केंटकी डर्बीत तसं नसतं. सगळे घोडे १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो वाहतात, घोडी असेल तर पाच पौंड कमी. तिथे हँडिकॅपिंग म्हणजे रसिकाने स्वतः बसून केलेला अंदाज, कोणाला किती टक्के संधी आहे याचा. या लेखात तोच अर्थ घेतला आहे.

सुरुवात वेगापासून

मातीवरच्या शर्यतीत पहिला प्रश्न घोडा कोणता हा नसतोच. पहिले चार फर्लांग कोण पळवणार, हा असतो. मातीवर मागच्या घोड्याच्या तोंडावर ढेकळं उडतात, त्यामुळे पुढे राहण्याचा फायदा हिरवळीपेक्षा मोठा. तो फायदा सगळ्यांनाच हवा असतो. पुढे पळणारे एक-दोनच असतील तर ते श्वास घेत पळतात आणि सापडत नाहीत. सहा-सात असले तर एकमेकांना जाळून टाकतात.

हे मोजायची साधी रीत अशी. प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या तीन शर्यती घ्या. पहिल्या पाव मैलाला तो आघाडीवर किंवा आघाडीपासून एका लेंग्थच्या आत असेल तर २ गुण. तीन लेंग्थच्या आत असेल तर १. नाहीतर शून्य. जास्तीत जास्त ६ गुण होतात. चार किंवा जास्त असलेला घोडा पुढचा धरायचा. मग या पुढच्या घोड्यांचे गेट क्रमांक, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतल्या जागा (आतल्या कुंपणापासून मोजलेल्या), शेजारी लिहायचे. हा दुसरा भाग बरेच जण गाळतात, आणि फसतात.

त्या दिवशीच्या शर्यतीच्या यादीत पुढच्या फळीत पळू शकणारे सात घोडे होते. समर इज टुमॉरोने दुबईत यूएई डर्बीत आघाडी घेतली होती; तिथे त्याला गाठून जिंकणारा क्राउन प्राइडही याच शर्यतीत होता. मेसियर आणि तायबा सँटा अनिटा डर्बीत पुढून पळाले होते. क्लासिक कॉजवेने टॅम्पा बे डर्बी आघाडीवरूनच जिंकली होती. झोझोसने लुइझियाना डर्बीत आघाडी धरली होती आणि त्याच्या मागे दबा धरून एपिसेंटर जिंकला होता.

आता गेट पाहा. एपिसेंटर ३, समर इज टुमॉरो ४, मेसियर ६, क्राउन प्राइड ७. चार पुढचे घोडे जवळजवळ खांद्याला खांदा लावून. उरलेले तिघे बाहेर: तायबा १२, क्लासिक कॉजवे १७, झोझोस १९. आतल्या घोड्यावर वेगवान शेजारी असले की जॉकीपुढे दोनच पर्याय उरतात: पहिल्या वळणाआधी जोर लावून मोकळं होणं, किंवा कोंडून माती खाणं. वीस घोड्यांच्या शर्यतीत दुसरा पर्याय कोणालाच नको असतो. म्हणून शर्यतीआधीच कागदावर लिहिता येण्यासारखं वाक्य हे होतं: वेग फाटण्याची, म्हणजे पुढचे घोडे सुरुवातीलाच अति वेगाने पळून थकण्याची, शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त. खात्री नाही, पण जास्त.

आणि वेग फाटला. पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत, केंटकी डर्बीच्या इतिहासातला सर्वांत वेगवान. अर्धा मैल ४५.३६. सहा फर्लांग १ मिनिट १०.३४. पूर्ण शर्यत २ मिनिटं २.६१. वजाबाकी करा: पहिले चार फर्लांग ४५.३६ सेकंदांत, शेवटचे चार ५२.२७ सेकंदांत. फर्लांगामागे ११.३४ वरून १३.०७. घोड्यांचा वेग इतका गळून पडतो तेव्हा शेवटच्या सरळीत मागून आलेला घोडा झेपावताना दिसतो. प्रत्यक्षात तो झेपावत नसतो. तो फक्त कमी थकलेला असतो.

सात पुढच्यांचं काय झालं? समर इज टुमॉरो विसावा, म्हणजे शेवटचा. मेसियर १५वा, क्राउन प्राइड १३वा, तायबा १२वा, क्लासिक कॉजवे ११वा, झोझोस १०वा. पहिल्या नऊ जणांत यांतला फक्त एपिसेंटर, दुसरा. त्याला कारण होतं: तो या वेळी आघाडीच्या झटापटीत पडला नाही, मागे आठव्या जागी थांबला. लुइझियाना डर्बीत झोझोसच्या मागे बसून जिंकल्याने तो थांबू शकतो हे आधीच दिसलं होतं. म्हणजे ‘पुढचा घोडा’ हा शिक्का मारताना तो थांबू शकतो का, याची वेगळी खूण करायला हवी. गुणांची बेरीज ते सांगत नाही.

तर पहिलं काम झालं. वेग फाटणार असेल तर कोणाला फायदा? मागून येणाऱ्यांना. पण मागून येणारे सहा होते: झँडन, मो डोनेगल, बार्बर रोड, टिझ द बॉम्ब, हॅपी जॅक आणि रिच स्ट्राइक. निकालात झँडन तिसरा, मो डोनेगल पाचवा, बार्बर रोड सहावा. टिझ द बॉम्ब नववा आणि हॅपी जॅक चौदावा. मागून येणं पुरेसं नव्हतं, हे शेवटच्या दोन नावांवरून दिसतं. वेगाचा नकाशा सहा घोड्यांपर्यंत नेतो, एकापर्यंत नेत नाही.

आता घोडा

रिच स्ट्राइकचं कार्ड, म्हणजे आधीच्या धावांची नोंद, वरवर पाहिलं तर पान उलटावंसंच वाटतं. सात धावा, एक विजय, तीन वेळा तिसरा. तो एकमेव विजयही सप्टेंबर २०२१मधल्या मेडन क्लेमिंग शर्यतीतला, म्हणजे आधी न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत, जिच्यातला घोडा ठरलेल्या किमतीला कोणीही उचलू शकतो. त्याच दिवशी तो ३०,००० डॉलरला उचलला गेला. डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फेअर ग्राउंड्सवर गन रनर स्टेक्समध्ये पाचवा. जिंकला कोण, तर एपिसेंटर. मग टर्फवे पार्कवर तीन धावा, एकही विजय नाही. तिथली शेवटची, २ एप्रिलची जेफ रूबी स्टेक्स, त्यात तिसरा. जिंकला टिझ द बॉम्ब. त्याचा सर्वोत्तम बेयर आकडा, म्हणजे धावेच्या वेगाला दिलेले गुण, ८४. डर्बी जिंकायला शंभराच्या आसपासचा लागतो, आणि त्या दिवशी त्याला मिळाला १०१. १७ गुणांची उडी. एवढी उडी कोणी आधी गृहीत धरली असती तर तिला अंदाज म्हणता आलं नसतं, ती आशा झाली असती.

पण कार्ड दुसऱ्यांदा वाचलं की तीन ओळी टोचायला लागतात.

पहिली, तो एकमेव विजय: १७ आणि पाव लेंग्थने, चर्चिल डाउन्सवर, मातीवर. म्हणजे याच धावपट्टीवर, याच मातीत. प्रतिस्पर्धी दुबळे होते हे खरं, पण दुबळ्यांनाही सतरा लेंग्थने मागे टाकायला घोडा ती माती मनापासून स्वीकारणारा असावा लागतो.

दुसरी, टर्फवेच्या तीन धावा मातीवरच्या नव्हत्याच. तिथे टॅपेटा नावाची कृत्रिम धावपट्टी आहे: वाळू, तंतू, मेण. कृत्रिम धावपट्टीवरचे आकडे मातीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. एखादा घोडा टॅपेटावर ८० आणि मातीवर ९५ असू शकतो. उलटंही होतं, म्हणून हे अनुकूल म्हणता येत नाही, फक्त ‘अनोळखी’ म्हणता येतं. आकडा ‘कमी’ असणं आणि ‘अनोळखी’ असणं यांत फरक आहे. लोकांनी ८४ला कमी मानलं. कागदावर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह हवं होतं.

तिसरी, वंश. बाप कीन आइस, ज्याने २०१५मध्ये साराटोगावर ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये त्या वर्षीच्या केंटकी डर्बी विजेत्या अमेरिकन फॅरोआला हरवलं. अंतर? हेच १० फर्लांग. आई गोल्ड स्ट्राइक ही स्मार्ट स्ट्राइकची मुलगी, आणि कीन आइसचा बाप कर्लिनही स्मार्ट स्ट्राइकचाच मुलगा. दम असण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी. वंश हा फॉर्मच्या जागी येत नाही, पण वीसपैकी एकही घोडा आधी १० फर्लांग पळलेला नसताना अंतराच्या बाबतीत वंशाचं वजन वाढतं.

याच्या उलट बाजूला काय होतं? विसावं, सर्वांत बाहेरचं गेट. जॉकी सनी लिऑन आणि ट्रेनर एरिक रीड, दोघांचीही ही पहिली केंटकी डर्बी. आणि घोडा शर्यतीत आला तोच शेवटच्या क्षणी: एथेरियल रोड शुक्रवारी सकाळी, माघारीची मुदत संपता संपता बाहेर पडला, म्हणून यादीतल्या २१व्याला जागा मिळाली. त्याच्या पाठीवरचा क्रमांकही २१च राहिला. नावं अनोळखी असली की भाव फुगतो. रसिकाने स्वतःला विचारायचं असतं ते एवढंच, की फुगलेला भाव खऱ्या अडचणीचा आहे की अनोळखीपणाचा.

भावाचं गणित

इथे खरा निर्णय होतो, आणि इथेच बहुतेकांचा कागद कोरा असतो.

८०.८०ला १ म्हणजे एका रुपयाला परत ८१.८० रुपये. ना नफा ना तोटा होण्यासाठी लागणारी संधी = १ ÷ ८१.८ = १.२२ टक्के. एपिसेंटर ४.१०ला १ होता: १ ÷ ५.१ = १९.६ टक्के. झँडन ६.१०ला १: १४.१ टक्के. म्हणजे रिच स्ट्राइक जिंकेल का, हा प्रश्नच नव्हता. त्याची संधी १.२२ टक्क्यांहून जास्त आहे का, एवढाच होता. वीस घोड्यांना डोळे मिटून समान वाटलं तरी प्रत्येकाला ५ टक्के येतात, हे लक्षात ठेवा.

एक नमुना हिशेब. आकडे गृहीत धरलेले आहेत, ते कुठे मोडतात हे पाहण्यासाठीच. समजा वेग फाटण्याची शक्यता ३५ टक्के धरली. फाटला तर रिच स्ट्राइकला ५ टक्के, कारण सहा मागच्यांत तो सर्वांत कच्चा. फाटला नाही तर अर्धा टक्का.

०.३५ × ५ = १.७५
०.६५ × ०.५ = ०.३२५
बेरीज २.०७५ टक्के.

परतावा ०.०२०७५ × ८१.८ = १.७०. कागदावर रुपयाला एक रुपया सत्तर पैसे. लावावा असा भाव.

आता मधल्या ५ टक्क्यांच्या जागी २ ठेवा. बेरीज होते १.०२५ टक्के, परतावा ८४ पैसे. लावू नये असा भाव. तीन टक्क्यांच्या अंदाजावर सगळा निकाल फिरला, आणि इतक्या लहान संधीत ५ आणि २ यांतला फरक कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘सगळं दिसतच होतं’ म्हणणाऱ्यांना दाखवायचं ते हे. कागद नीट भरणारा माणूस फार तर एवढं म्हणू शकला असता: हा घोडा बाद करता येत नाही, आणि भाव उदार दिसतो.

मग किती लावायचं? रक्कम ठरवणाऱ्या केली सूत्राने, म्हणजे (भाव × संधी − हरण्याची शक्यता) ÷ भाव: (८०.८ × ०.०२०७५ − ०.९७९२५) ÷ ८०.८ = ०.००८६. एकूण बाजूला काढलेल्या रकमेच्या ०.८६ टक्के. अंदाज इतका डळमळीत असताना पूर्ण केली लावणं धोक्याचं. चतुर्थांश घेतलं तर दहा हजारांच्या रकमेतून सुमारे २२ रुपये. इतकं कमी का, हे दुसऱ्या बाजूने पाहा: अंदाज अगदी बरोबर असला तरी असे ५० घोडे लावून एकही न लागण्याची शक्यता ३५ टक्के आहे. शंभर लावले तरी १२ टक्के. मोठ्या भावाच्या मागे लागलेली माणसं बुडतात ती घोडे चुकीचे निवडल्याने कमी आणि मोठी रक्कम लावल्याने जास्त.

विन तिकिटापेक्षा वेगाच्या अंदाजाला साजेसा डाव एक्झॅक्टाचा होता, म्हणजे पहिला आणि दुसरा क्रमाने. सहा मागचे घोडे, प्रत्येकाची एपिसेंटरशी दोन्ही क्रमांनी जोडी: १२ जोड्या, दोन डॉलरप्रमाणे २४ डॉलर. रिच स्ट्राइक-एपिसेंटरच्या दोन डॉलरच्या तिकिटावर ४,१०१.२० डॉलर मिळाले. इथे रिच स्ट्राइकला नावाने ओळखावं लागत नाही. त्याला यादीतून न खोडणं पुरतं. तरीही एपिसेंटर दुसरा येणं गृहीत धरावं लागतं, आणि तो अंदाज वेगळ्याने चुकू शकतो.

कागदावर न मावणारं

अर्ध्या मैलाला रिच स्ट्राइक १८वा होता. विसाव्या गेटवरून निघून लिऑनने त्याला पहिल्या वळणापर्यंत आतल्या कुंपणाला नेलं, म्हणजे बाहेरच्या गेटचा तोटा जवळजवळ पुसला. शेवटच्या वळणावर थकून मागे येणारा मेसियर नेमका समोर आला. लिऑनने घोडा त्याच्या बाहेरून काढला आणि पुन्हा आत कुंपणाला घेतला. समोर एपिसेंटर आणि झँडन एकमेकांशी झुंजत होते, त्यांची नजर एकमेकांवर. आत फट होती. त्या क्षणी मेसियर थोडा बाहेरच्या बाजूला सरकला असता तर हा लेख एपिसेंटरवर लिहावा लागला असता. ती स्वारी अप्रतिम होती, पण तिचा अंदाज आधी कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. वर धरलेल्या ५ टक्क्यांत ‘वाट मिळाली तर’ ही अट दडलेली आहे.

पुणे-महालक्ष्मीवर हे लावताना

जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडची धावपट्टी हिरवळीची. तिथे सुरुवात बहुधा सावकाश होते आणि शर्यत शेवटच्या ६०० मीटरमध्ये ठरते. २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत पुढच्यांनी एकमेकांना जाळल्याचं फार क्वचित दिसतं. मागच्याला ढेकळंही खावी लागत नाहीत. वेगाचा नकाशा इथे उपयोगी पडतो तो १००० ते १४०० मीटरच्या हँडिकॅप शर्यतींत, पुढे पळणारे तीनहून जास्त असताना. पुण्याच्या पावसाळी मोसमात पेनेट्रोमीटरचं माप, म्हणजे हिरवळ किती ओली-मऊ आहे ते, आधी पाहा. ओल्या हिरवळीवरचा मागून येणारा आणि कडक हिरवळीवरचा मागून येणारा हे दोन वेगळे घोडे असतात. शिवाय इथे वजनाचा रकाना हवाच: रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो, आणि मागच्या विजयानंतर चढलेले गुण घोड्याच्या पाठीवर असतात.

‘अनोळखी’ची खूण मात्र इथेही तितकीच लागते. बंगलोर किंवा हैदराबादहून आलेला घोडा, लांब विश्रांतीनंतर फक्त मॉक रेस (सरावाची शर्यत) पळालेला घोडा, पहिल्यांदा १६०० मीटरला उतरणारा घोडा: यांचं जुनं कार्ड कमी लेखण्याआधी ते लागू पडतं का हे विचारा.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या बेटिंगला ४० टक्के जीएसटी आहे, लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभर रुपयांच्या डावाला खिशातून १४० जातात. वरचेच भाव धरले तर रिच स्ट्राइकला लागणारी संधी १.२२ वरून १.७१ टक्के होते आणि एपिसेंटरला १९.६ वरून २७.५ टक्के. फेव्हरिट लावणं इतकं महाग झाल्यावर, भावाचा रकाना न भरता रेसकोर्सवर जाण्यात शर्यत बघण्याचा आनंद तेवढा उरतो. तोही मोठा आहे.

पाच आठवड्यांनी

रिच स्ट्राइकला प्रीकनेसमध्ये, म्हणजे डर्बीनंतरच्या पुढच्या मोठ्या शर्यतीत, उतरवलं नाही. ११ जूनला बेलमाँट स्टेक्स, १२ फर्लांग, फक्त आठ घोडे. तोच कागद पुन्हा भरा. पुढे जोर लावणारे घोडे मोजकेच, म्हणजे वेग संथ राहणार आणि मागच्यांना थकलेलं कोणी सापडणार नाही. धावपट्टी माती, पण चर्चिल डाउन्सची नाही. डर्बीचा विजेता म्हणून भाव एक आकडी, म्हणजे निदान १० टक्क्यांहून जास्त संधी हवी. पाच आठवड्यांपूर्वी ज्याला लोकांनी एक टक्का दिला त्याला आता दहाहून जास्त. तीनही रकान्यांत उत्तर नाही असंच येतं. अर्धा मैल ४८ सेकंदांहून जास्त वेळेत गेला. घोडा बाहेरून पळवला, तो सहावा आला. जिंकला मो डोनेगल. त्यानंतर रिच स्ट्राइक एकही शर्यत जिंकला नाही, पण १ ऑक्टोबरला तो ल्यूकस क्लासिकमध्ये हॉट रॉड चार्लीच्या मागे दुसरा आला, अवघ्या डोक्याच्या फरकाने. धावपट्टी होती चर्चिल डाउन्स.